पंपातलं वाढतं तेल

गाडीतलं तेल कमी झालं असतं तर मी एवढी सावध झाले नसते. तेल गळतं, जळतं, कधी कोणी काढूनही घेतं. या तिन्हींचा बंदोबस्त मला ठाऊक होता. पण त्या सकाळी स्टिअरिंगच्या पंपाच्या डबीचं झाकण काढून आत पट्टी बुडवली, तर तेल मी केलेल्या खुणेच्या वर आलेलं. पट्टी पुसली, पुन्हा घातली. पुन्हा तेच. म्हणजे आमच्या घरात कोणीतरी माझ्या नकळत त्या गाडीत काहीतरी ओतत होतं.

एका डबीभर तेलाचं मी एवढं का मनावर घ्यावं, ते आधी सांगते.

माझे यजमान डॉक्टर. घरातसुद्धा मी त्यांना डॉक्टरच म्हणते. धुळ्याला पाचव्या गल्लीत पुढच्या खोल्यांत दवाखाना आणि मागे घर, अशी आमची व्यवस्था. औषधांची कपाटं, सुया, बँडेज, काय संपलं, काय मागवायचं, हे सगळं माझ्याकडे. आठवड्यातून एक दिवस, बाजाराच्या दिवशी, डॉक्टर साक्रीला जात. डोंगरातल्या पाड्यांवरची माणसं बाजाराला उतरत आणि मिठामिरचीबरोबर दुखणंही दाखवून जात. एरवी दवाखान्यात फारसं न बोलणारा हा माणूस साक्रीहून आला की जेवताना बोलत राही. कोणाच्या पायातला काटा, कोणाचं बाळंतपण, कोणी कोंबडी आणून टेबलावर ठेवली आणि ती औषधांच्या बाटल्यांवरून कशी उडाली. मला तो दिवस त्यांच्या प्रकृतीसाठी हवा होता.

मग पारोळ्याच्या अलीकडे त्यांची मोटरसायकल घसरली. माझ्या सासऱ्यांचं, आबांचं, गाव तिथून जवळ. कोणीतरी धावत जाऊन आबांना बोलावलं आणि आबांनी स्वतः बैलगाडी जुंपून मुलाला पारोळ्याला आणलं. उजवा खांदा मोडला होता. तो जुळला, पण वाकडा. हात छातीच्या वर जाईना. लिहिणं, टाके घालणं, नाडी पाहणं, सगळं चाले. घरच्या जुन्या जीपचं जड स्टिअरिंग मात्र वळेना. म्हणून ड्रायव्हर ठेवावा लागला.

ड्रायव्हर तसा वाईट नव्हता. कपडे स्वच्छ, बोलणं गोड, गाडीला जपणारा. पण साक्रीची वेळ आता त्याच्या सोयीने ठरू लागली. ऊन कलायला लागलं की तो दवाखान्याच्या दारात येऊन उभा राही आणि इंजिन तापतंय, ब्रेक लागत नाही, असं काहीतरी सांगे. रांगेत बायका पोरं घेऊन बसलेल्या असताना डॉक्टर उठून निघत. चार-सहा वेळा असं झाल्यावर ते म्हणायला लागले, साक्री बंदच करावी. हे ऐकलं तेव्हा मी ठरवलं, काही करून यांना पुन्हा स्वतः गाडी चालवता आली पाहिजे.

अधू हाताने चालवता येईल अशी एक गाडी जळगावला विकायला निघाली. एक मारवाडी शेठ होते, कापसाच्या जिनिंगचा मोठा व्यवसाय. त्यांनी मुंबईहून एक जुनी अमेरिकन गाडी आणली होती आणि आता ती पेट्रोल फार पिते म्हणून काढायची होती. गाडी एवढी रुंद की आमच्या गल्लीत शिरली की सायकलवाल्याने ओट्यावर चढावं. पण तिला पॉवर स्टिअरिंग होतं. शेठ आत बसले, एक बोट चाकावर ठेवलं आणि पुढची चाकं जागच्या जागी वळवून दाखवली.

“डॉक्टरसाब, बस, एक उंगली,” ते म्हणाले.

डॉक्टर बसले. त्यांनीही वळवून पाहिलं, आधी डाव्या हाताने, मग उजव्या. उजवा हात मांडीशी ठेवूनच. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून मी समजले की गाडी घेतली गेली.

मला शेठचा आग्रह खटकत होता. दुसऱ्यांदा चहा येतोय म्हटल्यावर मी उठून गाडीच्या खाली पाहिलं. सगळ्या अंगणात फरशी आणि नेमकी इंजिनाखाली वाळू पसरलेली. विचारलं तर म्हणाले, वाळूने गाडीला थंडावा राहतो. मी डॉक्टरांना बाजूला घेऊन वाळूचं सांगितलं. ते म्हणाले, “गळत असेल तर आपण थांबवू. खांद्याचं काही थांबवता येत नाही.”

धुळ्याला आल्यावर वाळूचा अर्थ कळला. शेडमध्ये गाडी उभी केली की सकाळी खाली लाल तेलाचं थारोळं. स्टिअरिंगचा पंप इंजिनावरच्या पट्ट्यावर फिरतो, त्याच्या दांड्याभोवतीचं रबरी सील गेलं होतं. आग्रा रोडवर ट्रकांची दुरुस्ती करणारे पुष्कळ; दोघांना दाखवलं. दोघांनीही एकच सल्ला दिला, हे लफडं काढून टाका आणि साधं स्टिअरिंग बसवा. एकाने गाडी ठेवून जा म्हटलं. त्याच्या आवारात सुटे भाग काढून ठेवलेल्या गाड्यांची रांग होती. मी गाडी परत आणली.

गाडीबरोबर एक इंग्रजी पुस्तक आलं होतं, आकृत्यांसह. डॉक्टरांनी वाचायचं, मी करायचं, असं आम्ही ठरवलं. मी जळगावला जाऊन शेतीच्या इंजिनांचं सामान विकणाऱ्याकडे जुनं सील नेलं. त्याने डब्यातून त्याच मापाचं काढून दिलं. विहिरीवरच्या पंपाचं होतं म्हणे. मला ते इतक्या पटकन मिळालं याचाच संशय आला. मी आत-बाहेर दोरा लावून माप घेतलं, तेलात चालेल ना हे दोनदा विचारलं. तो वैतागून म्हणाला, “ताई, नवरा शोधताना एवढं पाहिलं होतं का?” मी म्हटलं, याहून जास्त, आणि दोन घेतली. मी कुठलीही वस्तू एक आणत नाही.

काम एका रविवारी केलं. पट्टा सैल करून काढला, नळ्या सोडल्या, तेल परातीत धरलं. पंप ड्रेसिंगच्या टेबलावर आणला आणि जुन्या चादरीवर एकेक भाग काढला त्या क्रमाने मांडत गेले, म्हणजे उलट्या क्रमाने परत जातील. दांडा रॉकेलने पुसला, नखाने चाचपून पाहिला, चरे नव्हते. नवं सील तेलात बुडवून जागेवर ठेवलं आणि बत्त्याच्या सपाट टोकाने सगळीकडून सारखं ठोकत बसवलं. एका बाजूने जास्त ठोकलं तर ते तिरकं बसतं आणि गळायला लागतं. डॉक्टर शेजारी पुस्तक धरून, मोठ्या आवाजात, विद्यार्थ्यांना सांगावं तसे.

मग एअर काढायची. नळ्यांत हवा राहिली तर पंप ओरडतो आणि चाक झटके देतं. पुढची चाकं जॅकवर उचलली, डबी लाल तेलाने भरली. आता इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग हळूहळू या टोकाहून त्या टोकाला फिरवायचं, म्हणजे हवेचे बुडबुडे डबीत वर येतात, पातळी खाली जाते, आणि वरून तेल घालत राहायचं. मी डबीशी, ड्रायव्हर चाकावर. मी हळू म्हणत होते, तो भराभरा फिरवत होता. तेल फेसाळलं. मी थांबवलं, फेस बसू दिला, पुन्हा सांगितलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी त्याला उतरवून डॉक्टरांना बसवलं. तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा आलं, हा मुद्दाम करत नसेल? गाडी एका बोटाने वळायला लागली की याचं काम काय उरणार? धुणं आणि पुसणं. त्याने हा हिशोब केला नसेल असं मला वाटेना.

तरी गाडी झाली. थोडा आवाज राहिला होता, वळवताना बारीक कण्हल्यासारखा. पुस्तकात लिहिलं होतं की उरलेली हवा चालता चालता निघून जाते. गळती पूर्ण थांबली. डबीतली पट्टी कोरडी करून मी तिच्यावर खिळ्याने एक खूण ओरखडली. बाजाराच्या दिवशी डॉक्टर एकटे साक्रीला गेले आणि दिवेलागणीनंतर आले. पायातल्या काट्यांपासून सगळ्या गोष्टी पुन्हा सुरू झाल्या.

आबा तेव्हा आमच्याकडेच होते. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, काळा चष्मा लावून ते दिवसभर मागच्या अंगणात, शेडच्या तोंडाशी, बाजेवर बसत. मुलाने एकट्याने जाणं त्यांना पसंत नव्हतं. एक हात अधू असलेल्या माणसाने एवढं धूड रस्त्यावर न्यावं, हे त्यांना पटत नसे आणि ते तसं रोज जेवताना सांगत. डॉक्टर हसून म्हणत, “आबा, तुमचा बैल एका कासऱ्यावर वळतो ना? तशीच ही.” आबा हसत नसत.

काही आठवडे बरे गेले. मग एका बाजाराच्या दिवशी नेरच्या पुढे, बैलगाडीला वळसा घालताना, स्टिअरिंग एकदम जड झालं. डॉक्टरांचा उजवा हात तिथे उपयोगाचा नव्हता आणि डाव्याने चाक पुरेसं फिरेना. गाडी काटेरी कुंपण मोडून मिरचीच्या शेतात गेली. लागलं कोणाला नाही. शेतकऱ्याने मिरचीची झाडं मोजण्याआधी डॉक्टरांना पाणी दिलं आणि चारजणांनी गाडी ढकलून रस्त्यावर आणली. साक्रीला न जाता ते हळूहळू, सरळ रस्त्याने परत आले आणि गाडीची किल्ली ड्रायव्हरच्या खिळ्यावर अडकवली. जेवताना काही बोलले नाहीत.

गळती थांबल्यापासून मी डबी तपासलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी झाकण उघडलं आणि तेल वाढलेलं दिसलं.

रंगही लाल राहिला नव्हता, पाणी घातलेल्या गुळासारखा झाला होता. बोट बुडवलं तर चिकट. वास घेतला. नव्याने तेलपाणी केलेल्या दाराच्या चौकटीला येतो तसा वास. जवसाचं तेल. आणि ड्रायव्हरचा मेहुणा आग्रा रोडवर ट्रक रंगवायचा, रंगात हेच तेल घालतात. मला आणखी कशाची गरज नव्हती.

डॉक्टरांना होती. मी म्हटलं, याला आजच्या आज काढा. ते म्हणाले, “संशयावर मी कोणाला इंजेक्शन देत नाही.”

मग मी विषाच्या कपाटातली पद्धत वापरली. जहाल औषधांच्या बाटल्यांच्या बुचावर आम्ही डिंकाची कागदी पट्टी चिकटवतो आणि तिच्यावर सही करतो, म्हणजे बाटली कोणी उघडली तर कळतं. पंपाच्या झाकणावर तशी पट्टी लावली. याबद्दल कोणाला सांगितलं नाही. पंपातलं तेल मुद्दाम तसंच ठेवलं. बदललं तर ओतणारा सावध होईल. ड्रायव्हर गाडी घेऊन बाजारहाट करत होता, चाक जड आहे म्हणत होता आणि जड आहे तर बरं, असं त्याच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसत होतं. निदान तेव्हा दिसत होतं.

दोनच दिवसांत पट्टी फाटली. तुकडा इंजिनावर पडलेला, लपवायचीही तसदी घेतलेली नाही. ड्रायव्हरला सरळ विचारलं. तो म्हणाला, मी झाकणाला हात लावला नाही. तो हे जमिनीकडे पाहून म्हणाला. मी नवी पट्टी लावली.

दुपारी जेवताना सगळ्यांच्या देखत सांगितलं की मी चौथ्या गल्लीत हळदीकुंकवाला जातेय, यायला उशीर होईल. पातळ बदलून पुढच्या दाराने निघाले आणि पेशंटच्या दाराने ड्रेसिंगच्या खोलीत परत आले. तिथली मागची खिडकी शेडकडे उघडते. खिडकीला अर्धा पडदा आहे. मी स्टूल ओढून बसले.

थोड्या वेळाने ड्रायव्हर शेडमध्ये आला आणि त्याने बॉनेट वर उचलून धरलं. मी उठणारच होते. तेवढ्यात बाजेवरून आबा उठले. एका हातात तेलाची बाटली, दुसऱ्या हातात तिरकं छाटलेलं बांबूचं नळकांडं, बैलाच्या तोंडात घालून औषध किंवा तेल पाजतात ते. काळा चष्मा कपाळावर. ते हळू चालत गाडीशी गेले, तिच्या मडगार्डवरून हात फिरवला, वशिंडावरून फिरवावा तसा, आणि माझी कागदी पट्टी अंगठ्याने सोलून झाकण उघडलं. बाटलीतलं तेल नळकांड्यात घेतलं आणि डबीत सोडलं. एक थेंब बाहेर पडला नाही. तोंडाने काहीतरी म्हणत होते. मला ऐकू आलं नाही, पण गोठ्यात बैलांशी बोलतात तसंच ते असणार.

बाटली मी ओळखली. गावाहून बसने आली होती. गुडघ्यांना चोळायला म्हणून मीच ती आबांच्या खोलीत कोनाड्यात ठेवली होती. त्या खोलीला जवसाचा वास येत होता आणि मी तो गुडघ्यांचा धरून चालले होते.

मी मागच्या दाराने शेडमध्ये गेले. ड्रायव्हरने बॉनेट सोडलं नाही, एवढं मात्र त्याचं कौतुक; सोडलं असतं तर आबांच्या डोक्यात बसलं असतं. आबांनी आधी झाकण नीट लावलं, मग माझ्याकडे वळले.

“तू हळदीकुंकूले गई नही?” त्यांनी आपल्या अहिराणीत विचारलं.

मी म्हटलं, “आबा, हे काय चाललंय?”

“वळतांना कण्हस ती. घसा कोरडा शे तिना,” ते म्हणाले. “बैलले पाजतस, तिले पाजं. काय बिघडनं?”

त्यांच्याकडे नांगरटीआधी बैलांना जवसाचं तेल पाजायची रीत आहे. तेल पाजलेला बैल कण्हत नाही, दमत नाही, त्याचे सांधे मोकळे राहतात. मी हे लग्नानंतर अनेकदा पाहिलं होतं. गाडी कण्हत होती हेही खोटं नव्हतं. पण जवसाचं तेल हवेत आणि उष्णतेत आटून डिंकासारखं होतं, म्हणून तर ते चौकटींना लावतात. त्या पंपात कागदाइतक्या पातळ फटी असतात. मी त्यांना शक्य तेवढ्या सोप्या शब्दांत सांगितलं. हेही सांगितलं की मिरचीच्या शेतात गाडी गेली ती यामुळेच.

आबा बराच वेळ नळकांडं धोतराला पुसत राहिले. मग म्हणाले, “मंग त्याले गाडी देऊच नको. ड्रायव्हर शे ना.”

हे ते फार पटकन म्हणाले असं मला वाटलं. म्हणजे तेवढ्या विचारानंतरही पटकन. चूक कळलेल्या माणसाच्या तोंडी आधी दुसरं काहीतरी येतं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, पण चष्मा पुन्हा डोळ्यांवर आला होता.

ड्रायव्हरला मी अंगणाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन विचारलं, हे कधीपासून चाललंय? म्हणाला, पंप दुरुस्त केल्याच्या आठवड्यापासून. मला का सांगितलं नाही?

“आबा म्हणाले, बाईला बोलू नको, ती औषधाच्या गोळ्या मोजते, तेल पण मोजेल.”

“आणि डॉक्टरांना?”

“बापाची तक्रार मुलाकडे कशी करू, बाई? मोठ्या माणसाच्या हातातलं नळकांडं मी कसं धरू?”

“बॉनेट धरता आलं ना?”

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. मोठ्यांचा मान ठेवणारा माणूस होता तो. पण तेलाने गाडी बिघडेल हे ड्रायव्हरला कळत नव्हतं, असं मला कोणी शपथेवर सांगितलं तरी पटणार नाही. मान आणि सोय एकाच दिशेला असले की माणसाला मान पाळणं जड जात नाही. त्याला मी महिनाअखेर काढलं. आग्रा रोडवर त्याला लगेच ट्रक मिळाला. पुढे भेटला की नमस्कार करायचा.

डॉक्टरांना संध्याकाळी सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ते हसतील. ते हसले नाहीत. आबांच्या बाजेपाशी जाऊन बसले आणि दोघे बराच वेळ गुरांबद्दल आणि कापसाबद्दल बोलत राहिले. गाडीचा विषय कोणी काढला नाही.

पंप पुन्हा उतरवला. आतल्या पात्यांवर मधाच्या रंगाचा थर बसला होता, लोणच्याच्या बरणीच्या झाकणाखाली धरतो तसा. पाती खाचांत अडकून बसली होती. रॉकेलमध्ये भिजवून, बांबूच्या काडीने खरवडून एकेक मोकळं केलं. लोखंडाने खरवडायचं नाही, चरा पडतो. नळ्यांतून लाल तेल घालून सगळी घाण परातीत काढली, ते येणारं तेल लाल दिसेपर्यंत. सीलची कड मऊ पडली होती, म्हणून दुसरं बसवलं.

एअर काढायला या वेळी डॉक्टर स्वतः चाकावर बसले. आबांनी बाज शेडच्या आत ओढून घेतली आणि पाय वर घेऊन बसले. डॉक्टर दोन्ही हात चाकाच्या खालच्या अंगाला धरून, अगदी हळू, एका टोकाला नेत, थोडं थांबत, दुसऱ्या टोकाला नेत. डबीत बुडबुडे येत, फुटत, तेल खाली बसे, मी वरून घालत असे. बुडबुडे येणं थांबलं, मग इंजिन सुरू केलं, पुन्हा तसंच. आधी थोडं कण्हणं आलं. थांबलो, पुन्हा फिरवलं. मग फक्त इंजिनाचा आवाज राहिला. जॅक काढला. डॉक्टरांनी चाकं जमिनीवर असताना एका हाताने वळवून पाहिली.

आता एकटा जाणार का, असं आबांनी बाजेवरून मुलाला विचारलं. म्हणजे तसं विचारलं नाही; म्हणाले, रस्त्यावर बैलगाड्या फार असतात आजकाल.

डॉक्टर गाडीतून उतरले नाहीत. चाकावर हात तसाच ठेवून म्हणाले, “मी जाणार, आबा. तुम्ही पुन्हा ओतलंत तरी जाणार. फक्त मग वाटेत कुठेतरी अडकेन, आणि मला आणायला तुम्हांला बैलगाडी जुंपावी लागेल.”

मी परातीतलं घाण तेल ओतायला निघाले होते, तिथेच उभी राहिले. माझ्या मनात आलेली गोष्ट त्यांच्याही मनात आली होती तर. आबांनी ओतलं होतं ते गाडीच्या कण्हण्यासाठी, की मुलगा घरी राहावा म्हणून, हे त्यांनी तेव्हा सांगितलं नाही आणि नंतरही कधी सांगितलं नाही. मी दोन्ही बाजूंनी पुष्कळ विचार केला आहे. त्यांनी पाजलेला बैल मी पाहिला आहे. ते प्रेमानेच पाजतात. पण मुलाला बैलगाडीतून पारोळ्याला आणतानाचा रस्ताही त्यांनी पाहिला होता, आणि तो मी पाहिला नव्हता.

बाजाराच्या दिवशी सकाळी डॉक्टरांची पेटी मागच्या सीटवर ठेवली. झाकण उघडून पट्टी पाहिली. तेल खुणेवर होतं. डबीशी नाक नेऊन वासही घेतला. आबा बाजेवरून पाहत होते.

“आजून संशय शे का तुले?” त्यांनी विचारलं.

“शे,” मी म्हटलं.

ते उठले आणि शेडचं दार दोन्ही हातांनी ओढून सताड उघडलं. गाडी बाहेर निघाली. आमच्या गल्लीच्या टोकाला चौकात वळण अवघड आहे, तिथे एक हातगाडी उभी होती. गाडी थांबली. डॉक्टरांनी मागेपुढे न करता, एका वळणात, हातगाडीला न लावता ती काढली आणि साक्रीच्या रस्त्याला लागले. आबा ती दिसेनाशी होईपर्यंत दारात उभे होते. मग आत येऊन त्यांनी मला पारोळ्याची बस किती वाजता आहे ते विचारलं. डोळे आता ठीक आहेत, म्हणाले. गावाकडे नांगरटीचे दिवस आले आहेत.